जनगणनेतली आया

हे माझ्याच घरात घडलं. पटवून घ्या असा आग्रह नाही, पण यात एकही शब्द पदरचा नाही.

२००६ चा जुलै. सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसला आमचा आठव्या मजल्यावरचा फ्लॅट. रविवार, दुपारचे तीन. लख्ख ऊन होतं.

नवरा, धम्मदीप, बाजारात गेला होता. सात वर्षांची जान्हवी आत झोपली होती. मी कॉम्प्युटरवर स्कॉटलंडची जुनी जनगणना धुंडाळत होते.

कारण सगुणा. माझ्या पणजोबांची आई. खडकीच्या छावणीत मॅकरे साहेबाकडे आया होती. १८९० साली दोन वर्षांचं पोर बहिणीकडे ठेवून गेली, ती परत आलीच नाही. "साहेबाबरोबर पळाली," असं चार पिढ्या आम्हाला ऐकवलं गेलं.

सकाळीच लीलाआत्या फोनवर म्हणाली होती, "सुचित्रा, नको ते उकरून काढू नकोस गं."

"ती पळाली नव्हती, आत्या. कागद काढून दाखवते तुला."

आणि कागद सापडला.

एडिंबरा, १८९१. मॅकरे, त्याची बायको, तीन मुलं. सगळ्यांची पूर्ण नावं, वळणदार अक्षरांत. शेवटची ओळ... नोकर. विधवा. वय सव्वीस. जन्म खडकी, इंडिया.

नावाच्या जागी फक्त... 'आया'.

पळाली नव्हती. मुलं सांभाळायला नेलं होतं तिला.

मी पान छापून घेतलं. तेवढ्यात...

किण... किण...

हातघंटा. साहेबलोक नोकरांना बोलवायला वाजवत, तसली. अगदी पाठीमागे.

वळले. कुणीच नाही.

पुन्हा... किण किण किण. आता घाईची. रागाची.

पुढचं मला आठवत नाही.

भानावर आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हातात ट्रे. त्यात एकच कप, वाफाळता चहा, बाजूला घडी घातलेला नॅपकिन. माझी मान खाली होती.

मी अशी कुणापुढेच उभी राहत नाही.

जान्हवी डोळे चोळत दारात आली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"ममी, समबडी कॉलिंग यू लाह."

"तुलाही ऐकू आलं?"

"येस. व्हेरी अँग्री."

भीती होतीच. पण त्याहून जास्त संताप आला. चहा सिंकमध्ये ओतला. जान्हवीचा हात धरून टेबलाशी परत आले आणि बसले.

घंटा आता कानाशी वाजत होती. पाय आपोआप उठू पाहत होते. एका हातानं टेबलाची कड घट्ट धरली. दुसऱ्या हातानं छापील पानावरचं 'आया' खोडलं आणि वर लिहिलं... सगुणा.

मग मोठ्यांदा म्हणाले, मराठीतच.

"तिला नाव आहे. ती उठणार नाही. तिची खापरपणतीही उठणार नाही. काय हवं ते स्वतः येऊन घे!"

घंटा मध्येच थांबली. कुणीतरी मुठीत दाबून धरावी तशी.

शांतता...

मग शेजारची रिकामी खुर्ची हळूच करकरली. कुणीतरी टेकलं होतं.

जान्हवी तिकडे एकटक बघत होती.

ते पान मी आत्याला पाठवलं. तिनं ते सगळ्या भावकीसमोर वाचलं, सगुणाचं नाव घेऊन. तेव्हापासून 'पळाली' हा शब्द कुणी उच्चारलेला नाही.

पण एक गोष्ट अजून सतावते. 'स्वतः येऊन घे' असं मीच म्हणाले होते.

त्या खुर्चीत नेमकं कोण बसलं, सगुणा की घंटा वाजवणारा... हे जान्हवीला विचारायचं धाडस माझं आजवर झालेलं नाही.