तीनशे बाराच्या वर

आमचं रडार म्हणजे शेजारणीच्या दिव्यात शिवण करणारी बाई. स्वतःचा उजेड नाही. रेडिओच्या टॉवरवरून गाणी सुटतात, विमानाला आपटून परत येतात, ती आम्ही पकडतो. छपरावर दोन अँटेना, एक टॉवरकडे तोंड करून, एक आभाळाकडे. दोन्हींत फरक किती, त्यावरून जुन्या लॅपटॉपवर विमानाचा ठिपका. आमची धावपट्टी एवढीशी, तिला खरं रडार परवडत नाही. म्हणून हे भंगार आणि ते सांभाळायला मी.

मंगळवारी दोन ते चार टॉवर बंद असतो, कारण तेव्हा माझा नवरा त्यावर चढतो. बोल्ट आवळायला, दिवे बदलायला. चालू टॉवरवर माणूस भाजून निघतो. हे तसे भित्रे, घरातला बल्ब मीच बदलते. म्हणून चढताना शिडीच्या पायऱ्या मोठ्याने मोजतात. तीनशे बारा. त्यापुढे शिडीच नाही.

त्या मंगळवारी मी पडदा नीट कोरा राहतो का, ते तपासायला बसले. टॉवर बंद म्हणजे ठिपके बंद. पण एक ठिपका होता. टॉवरच्याच जागी.

ठिपका आहे म्हणजे टॉवर चालू आहे. आणि हे वर आहेत.

टॉवरच्या खोलीत धाकटा दीर असतो. फोन लावला.

"भाऊजी, टॉवर चालू केलात का?"

"चावी माझ्या खिशात आहे, वहिनी. तुमचं भंगार तपासा."

"आणि हे?"

"दादा? केव्हाच उतरला. हा काय, पाणी पितोय."

जीव भांड्यात पडला. मग भंगार तपासायचं म्हणून फोन चालूच ठेवून दुसऱ्या कानाला हेडफोन लावला. टॉवरकडचा अँटेना मुका. आभाळाकडच्यात आधी वारा... मग धाप... मग यांचा आवाज.

"तीनशे तेरा... तीनशे चौदा..."

"भाऊजी... यांना द्या जरा."

"काय गं?" हे फोनवर म्हणाले. हेडफोनच्या कानात, "तीनशे एकोणीस..."

"काही नाही. आज पायऱ्या मोजल्यात?"

"नाही गं. आकडेच आठवेनात."

चारला टॉवर चालू झाला, गाण्यांत तो आवाज बुडाला. मी कोणालाच बोलले नाही. आधीच सगळे मला भंगारवाली म्हणतात, त्यात आणखी कशाला भर?

पुढच्या मंगळवारी मोजणी जिथे तुटली होती तिथूनच सुरू झाली. त्याच्या पुढच्यालाही. दोन हजारांच्या वर गेला तो. यांचं काही बिघडलं नव्हतं, जेवण-झोप ठीक. फक्त मोजणं सुटलं. पोळ्या किती वाढू विचारलं तर म्हणतात, "वाढ तुझ्या मनाने."

मग एका मंगळवारी आकडे उलटे यायला लागले. उतरतोय. आणि उतरताना धाप लागत नाही. गेल्या खेपेला चारच्या ठोक्याला "पाचशे दोन" म्हणाला. म्हणजे उद्या दुपारी शिडीवर पोचणार.

आज सकाळी चहा देताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "उद्या रजा टाका ना. भाऊजी जातील वर."

यांनी कप खाली ठेवला.

"नको," हे म्हणाले. "मी वर गेलो नाही, तर तो घरापर्यंत येईल."