वीस डॉलरचं धुकं

दुकानाच्या काचेला धुकं नाक लावून उभं होतं. हॅलिफॅक्सला जूनमध्ये हे असंच... बंदर नुसतं ऐकू येतं, दिसत नाही. दारावरची घंटी किणकिणली आणि ओल्या केसांचा एक उंच तरुण आत शिरला. आला होता जरा कोरडं व्हायला, पण थबकला तो लटीशाच्या हाताकडे बघून.

लटीशा बील्स स्टुलावर चढून एका कार्डावर मार्करनं तारा काढत होती. दुकान जुन्या व्हिडिओ गेम्सचं. प्रत्येक गेमखाली तिच्या हातचं कार्ड असायचं: किंमत किती, तारे किती, आणि का.

"माफ करा," तो म्हणाला, "गेल्या आठवड्यात याला तीनच तारे होते ना?"

"होते."

"आणि आज चार?"

"तेव्हा तीस डॉलर होता. आज पंधरा."

"म्हणजे आठवड्याभरात गेम सुधारला? व्यायामबियाम केला त्यानं?"

लटीशाला हसू आवरेना. स्टूल डुगडुगलं, त्यानं ते चटकन धरलं — आणि मग, धरून झाल्यावरही, जरा उशिरानंच सोडलं.

"अहो साहेब," ती खाली उतरत म्हणाली, "महागाचा टोमॅटो आंबट निघाला की आपण बोटं मोडतो. स्वस्तातला निघाला तर गुपचूप सूपमध्ये ढकलतो."

"पण टोमॅटो तोच ना!"

"जीभ ती नसते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "रेमी कोमो," हात पुढे करत तो म्हणाला. "मला हे अजिबात पटलेलं नाही. उद्या येतो."

आणि खरंच आला! परवाही आला. कधी विसरलेली छत्री न्यायला, कधी ओटची बिस्किटं, दोन ओटकेक, घेऊन, "एक जास्तीचा आला चुकून" म्हणत. वाद तोच, रोज नव्या तिखटमिठासकट. त्या वादात 'तुम्ही'चं 'तू' आणि 'लटीशा'चं 'टिश' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा तो म्हणाला, "टिश, तुमच्या चर्चमध्ये दानाचं तबक फिरतं. जो वीस डॉलर टाकेल त्याला प्रवचन तीन तारे, आणि काहीच न टाकणाऱ्याला पाच... असं आहे का?"

लटीशाचे मामा त्या चर्चचे रेव्हरंड, म्हणजे पाद्री. ते प्रवचन गायचे. बोलता बोलता सूर लागायचा, ऑर्गन त्यांच्या मागे मागे चालायचा आणि अख्खं चर्च डोळे पुसत टाळ्यांचा ठेका धरायचं. त्या मामांना असं तबकात बसवलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

"मामांच्या प्रवचनाला तारे नसतात," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

"अगं, तेच तर म्हणतोय मी!"

 त्याचा आवाज आज जरा वेगळाच लागला, हे तिनं टिपलं. "रेमी... तुझं यात काय अडकलंय एवढं?"

मग त्यानं सांगितलं. त्यानं एक गेम बनवला होता, एकट्यानं. धुक्यातली फेरीबोट. समोर काही दिसत नाही. भोंगा, घंटा आणि पैलतीरावर गुणगुणणारी एक बाई, एवढ्यावर बोट किनाऱ्याला लावायची. दोन तासांचा खेळ, किंमत वीस डॉलर. नेटवरच्या दुकानात लोक अंगठा वर करतात किंवा खाली, मधलं काही नाही. लोक लिहायचे, 'फार सुंदर, पण दोन तासांत संपतो. सेल लागला की घ्या.' आणि अंगठा खाली! त्यामुळे पानाच्या माथ्यावर शब्द आला होता, 'संमिश्र'. तो वाचून पुढच्या गेमला पैसे देणारे गप्प झाले होते.

"व्हँकुव्हरच्या एका मोठ्या कंपनीनं नोकरीला बोलावलंय," तो ओटकेकचा चुरा गोळा करत म्हणाला. "सोमवारी उत्तर द्यायचंय."

व्हँकुव्हर... म्हणजे देशाचं पार दुसरं टोक. लटीशानं उगाचच फडकं घेऊन स्वच्छ काउंटर पुसला.

"हा घे गेम, फुकट," तो म्हणाला. "खेळ, आणि तुझ्या फळीसाठी कार्ड लिही. पण खरं लिही हं. मी आहे म्हणून नको."

ती खेळली. पैलतीरावरची बाई गुणगुणायला लागली आणि लटीशाचे डोळे भरून आले. संपल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. पण कार्ड म्हणजे कार्ड. तिनं लिहिलं: 'सुंदर. दोन तास. वीस डॉलरला तीन तारे.'

रेमीनं ते वाचलं. हसला, पण ओठांपुरताच.

"दहाला असता तर?"

"चार."

"आणि फुकट?"

"...पाच."

"तू तर फुकटच खेळलीस, टिश. मग तुझे पाच कुठे गेले?"

घंटी किणकिणली. धुक्यात त्याची पाठ दोन पावलांत विरघळली.

रविवारी मामांचा सूर लागला, तबक रांगेतून सरकत सरकत आलं, आणि लटीशाला आपली लहानपणची मूठ आठवली. आई तिच्या हातात एक डॉलरचं नाणं ठेवायची. तबक येईपर्यंत ते नाणं मुठीत गरम व्हायचं, घामेजायचं. आणि ते गरम नाणं धरून ती मामांचा शब्दन् शब्द कान देऊन ऐकायची. ज्या रविवारी नाणं नसायचं, त्या दिवशी खुशाल पाय हलवत बसायची. मामा मात्र दोन्ही दिवशी तितकेच जीव ओतून गायचे.

देवा! नाण्यानं फरक पडायचा तो ऐकणारीत. गाण्यात नाही.

प्रार्थना संपताच ती धावत सुटली.

रेमी फेरीबोटीच्या धक्क्यावर सापडला. कानाला हेडफोन, हातात रेकॉर्डर. बहुधा निरोपाचा भोंगा टिपत होता.

"फोन उघड," ती धापा टाकत म्हणाली. "तुझ्या गेमचं पान काढ."

पानावर तिचा अंगठा वर होता. खाली लिहिलं होतं, 'दोन तास आहे. खिसा तंग असेल तर खुशाल थांबा, त्यात कमीपणा नाही. पण अंगठा गेमला द्यायचा, खिशाला नाही. मी हे आजवर चुकत आले.'

"थांब," रेमी गोंधळला. "तुला तर मी फुकट दिला होता. तसं असलं की नावाशेजारी 'फुकट मिळाला' अशी पट्टी येते. इथे ती नाही..."

"कशी येईल? फुकटवालीचं कोण ऐकतंय? विकत घेतला मी. आत्ता, चर्चच्या पायरीवर."

"वीसला? टिश, तू? तू तर मोजेसुद्धा सेलमध्ये घेतेस!"

"सेलची वाट बघत बसले असते तर..." तिचा आवाज अडखळला. "तर उद्या सोमवार आहे, रेमी."

त्यानं पान पुन्हा एकदा वरखाली सरकवलं. मग हळूच म्हणाला, "एका अंगठ्यानं काय होतं? पान अजून संमिश्रच आहे."

"राहू दे पान संमिश्र," ती म्हणाली. "मी नाहीये."

धुक्यात भोंगा घुमला, लांब आणि मऊ. रेमीनं तिचा हात हातात घेतला. एवढ्या गारठ्यातही गरम होता, मुठीतल्या नाण्यासारखा. मग त्याचं लक्ष रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे गेलं.

"टिश... हे सगळं टिपलं गेलंय. पुढच्या गेममध्ये घालू?"

"पुढचा गेम?" तिनं मान वर केली. "कुठे? व्हँकुव्हरला?"

"व्हँकुव्हरला धुकं असेलही. पण पूर्ण किंमत मोजणारी बाई तिथे कुठून आणू?" तो हसला. या वेळी हसू डोळ्यांपर्यंत पोचलं. "मात्र हा गेम लांबलचक होणार, आधीच सांगतो. किंमत किती ठेवू?"

"ठेव बापडा कितीही," लटीशा त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकत म्हणाली. "मी सेलला थांबत नसते."