कमरेची दोरी

विक्की, तो मोबाईल उपडा ठेव. उजेड नको. हे आदेशच्या बाबतीत घडलं आहे. चामोर्शीकडचा, माझ्या माहितीतला पोरगा. त्याचं नाव घेऊन खोटं बोलायची मला गरज नाही.

गेल्या सालची मार्गशीर्ष अमावस्या, शुक्रवारची रात्र. दुसऱ्या दिवशी आदेशच्या पोरीचं बारसं होतं, सासुरवाडीला. सासरा मंगरू ढिवर, वैनगंगेत जाळी टाकण्यात हयात गेलेला. त्या घरची रीत अशी, की बारशाची मासोळी लेकराच्या बापानं स्वतः डोहातून काढायची. आदेश धान पिकवणाऱ्या घरचा. शेततळ्यात, बोडीत पोहलेला, पण डोंग्यात कधी पाय ठेवला नव्हता. त्यातून लग्न पळून केलेलं. दोन वर्षं मंगरू जावयाशी बोलला नव्हता. त्या रात्री स्वतःहून म्हणाला, "चाल."

निघताना बायको, चंचल, हसली. "सांभाळून जाजो. माह्या बापाच्या मनातलं डोहालेही नाई समजत."

आदेश हसला नाही.

घाटावर मंगरूनं कमर चाचपली. "दोरी घरीच राह्यली. थांब इथीच."

नवख्याच्या कमरेला दोरी बांधायची, दुसरं टोक शिकवणाऱ्यानं आपल्या कमरेला. पाण्यावर आहेत तोवर दोघं एक. आणि गाठ बांधणाऱ्यानंच सोडायची.

मंगरू टॉर्च घेऊन गेला. आदेशची बिडी संपायच्या आत परतलाही. टॉर्च विझलेला.

"एवढ्यात आणली, मामाजी?"

त्यानं दोरी आदेशच्या कमरेला आवळली. दोन वेढे, शेंडा आत दाबलेला. दुसरं टोक आपल्या कमरेला. दोरी ओली होती.

घरून आणलेली दोरी ओली कशी? ओली गाठ सुकली की सुटत नाही. म्हातारा आपल्याला ढकलणार तर नाही? पण मागे फिरावं, तर उद्या पंगतीत घाबरट म्हणवून घ्यावं लागणार. आदेश डोंग्यात बसला.

म्हातारा पुढच्या टोकाला पाठमोरा उभा राहिला. डोंगा रेटायचा बांबू पाण्यात जात होता, आवाज येत नव्हता. जाळ्याच्या खुणेच्या बाटल्या पांढुरक्या दिसल्या. जवळ आल्या. मागे पडल्या.

"मामाजी... जाळं मागं राह्यलं."

बांबू पुन्हा पाण्यात गेला.

"राग असन तं काठावर काढा, मामाजी. मले लेकरू आहे."

पाठ हलली नाही.

तेवढ्यात मागे काठावर टॉर्च लागला.

"ओ जवाई! डोंगा कोनं सोडला? दोरी तं माह्यापाशी आहे!"

आवाज मंगरूचा. खोकला मंगरूचा.

आदेशनं समोर पाहिलं. पाठ आता वळत होती. हळू...

जाळं कापायचा चाकू पायाशी होता. एक घाव. दुसरा. दोरी तुटली. उडी.

मंगरूनं त्याला काठावर ओढून काढलं, छातीशी धरलं. म्हातारा रडला. "तुले काही झालं असतं तं पोरीले काय तोंड दाखवलो असतो?" मग टॉर्च जावयाच्या कमरेवर गेला. गाठ दिसली... आणि त्यानं हात मागे घेतला.

"कोनाची गाठ आहे, मामाजी?"

"घरी चाल."

गाठ सुटली नाही. वेढा कापून तिथेच पाण्यात फेकला. घरी कोणाला काही सांगितलं नाही. बारशाला मासोळी आली नाही. सासूनं, गुणाबाईनं, वांग्याचा रस्सा केला.

दुपारी बायका जमल्या. चंचलनं लेकरू पाळण्यात ठेवलं. गुणाबाईनं झोका द्यायला दोरी धरली आणि लगेच सोडली.

"अवो, हे दोरी कोनं भिजवली?"

मंगरू उठला. आदेश उठला.

पाळण्याच्या दांडीला गाठ होती. दोन वेढे. शेंडा आत दाबलेला.