जात्याचे खुंटे

भैरवदुर्गाच्या तटावर तांबडे फुटले, पायथ्याच्या कचेरीचा दरवाजा करकरला, आणि तीन दिवस ताटकळलेल्या शामजीपंत देशपांड्यांना एकदाची आत यायची आज्ञा झाली.

तरफ धामणखोरे म्हणजे मोजून बावीस गावे. त्यांतल्या घरांची यादी राखणे हे शामजीपंतांचे वतनी काम. दोन वर्षांमागे महामारीने खोरे धुऊन नेले, सहाशे चाळीस घरांपैकी दोनशे अकरा घरांना कड्या लागल्या. पण नवी यादी कमाविसदार आबाजीरावांनी तीनदा परत धाडली. आपल्या अमलात वस्ती घटली असे सुभ्याला कळवायला त्यांची जीभ रेटेना! आता गनीम चालून येत होता, तट दुरुस्तीला घरटी एक माणूस द्यायचा हुकूम सुटला होता, आणि मेलेल्यांच्या वाटणीची माणसेही जिवंतांनीच भरायची होती. पेरणी कोणी करायची, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. वडवलीच्या तुळाजी पाटलाने चाळिसांऐवजी एकोणीस माणसे आणली, म्हणून तो बेड्या घालून कचेरीच्या ओसरीवर बसला होता.

आत सुभ्याचे दिवाण केसोपंत बसले होते. तबकात शपथेचा बेलभंडारा, शेजारी महामारीआधीची जुनी यादी.

"शामजीपंत," आबाजीराव गोड हसले, "भंडारा उचला, यादी खरी म्हणा आणि मोकळे व्हा. वतन लेकरांना लागते."

"रावसाहेब, खोटा भंडारा या हाताने उचलणार नाही. वतन घ्यायचे तर खुशाल घ्या!" पंतांनी तबक मागे सारले. "लिहून लिहून बोटे झिजली माझी. कागद कोणी वाचत नाही, म्हणून आज दुसरे काही आणले आहे."

त्यांनी खूण करताच गाडीवानाने दोन पोती दिवाणांसमोर ओतली. जात्याचे लाकडी खुंटे खळाखळा सदरेवर पसरले.

"हा काय पोरखेळ?" आबाजीराव ओरडले.

"आमच्या खोऱ्याची रीत आहे, दिवाणसाहेब. घर बंद होते तेव्हा जात्याचा खुंटा देशपांड्याकडे ठेव राहतो. वारस परतला की खुंटा घेतो, घर आणि शेत त्याचे. हे दोनशे अकरा आहेत. मोजून घ्यावेत."

केसोपंतांनी एक उचलला. दांड्याशी तीन खाचा होत्या. "हा कोणाचा?"

"घरागणिक खूण वेगळी. तीन खाचा म्हणजे चिंचवलीच्या धोंडू कासाराचा. सून तेवढी जगली, ती माहेरी गेली."

दिवाणांनी तो खुंटा ढिगात परत ठेवला. मग त्यांनी जुनी यादी फाडली. "पाटलाची बेडी तोडा. चारशे एकोणतीस घरे, तितकीच माणसे." आणि कारकुनाकडे वळून म्हणाले, "हे खुंटे मोहरबंद करून सुभ्याला न्या."

शामजीपंत खुंट्यांच्या आडवे झाले. "साहेब, ती लोकांची ठेव आहे!"

"पुरावा सरकारात जमा होतो, पंत. परत मिळेल."

डोंबलाचे मिळते! तट उभा राहिला, गनीम वाट वाकडी करून गेला, पेरण्या झाल्या. आबाजीरावांना शिक्षा म्हणून मोठ्या महालाचा कारभार आणि पालखी मिळाली. शामजीपंतांनी खुंट्यांसाठी सुभ्याला पाच पत्रे लिहिली. उत्तर एकाचेच आले, शोध चालू असल्याचे.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी, दोन मुलींना घेऊन, एक बाई देशपांड्यांच्या अंगणात उभी राहिली.

"चिंचवलीची कासारीण मी, भिवराई. मामंजींचा खुंटा तुमच्याकडं हाय न्हवं? त्याबिगर पाटील कडी काढू देत न्हाईत."

शामजीपंतांना तिच्याकडे बघवेना. पाचही पत्रे त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. ते आत गेले. त्यांच्या पत्नी दळायला बसल्या होत्या. पंतांनी चालत्या जात्याचा खुंटा उपटला आणि विळीवर धरून दांड्याशी तीन खाचा पाडल्या.

"अहो, मग मी दळू कशावर?"

"आज कण्या शिजवा," असे म्हणून ते तसेच बाहेर गेले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तो खुंटा भिवराईच्या पदरात घातला.