बांधावरची रेघ

"अरे, जपून! ऊस आत्ताच वर आलाय, तुडवू नकोस!" इरा बांधावरून ओरडली.

"ऊस? कुठंय ऊस? इथं हत्ती शिरला तरी सापडायचा नाही!" गुडघाभर गवतात चेंडू शोधणारा निहार म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत ही भावंडं आजोळी शेळगावला आली होती. हे रान त्यांच्या आजोबांचं, रामहरीतात्यांचं. शेजारच्या मळ्यातला दानिश एरवी चेंडूमागे सर्वांत आधी धावायचा. आज मात्र तो तोंड पाडून बसला होता.

"उद्या फुपूचा प्रयोग बंद पडणार," तो म्हणाला.

शबानाफुपू म्हणजे त्याची आत्या. ती बारामतीच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. लहानपणी ती आपल्या आईबरोबर खुरपायला जायची. तेव्हा खुरपणीला बायकांची ओळच्या ओळ बसे. गाणी व्हायची, हसणं व्हायचं, पण संध्याकाळी कुणाचीच कंबर सरळ होत नसे. शबानाची आई तर पुढे कायमची वाकली. पुढे तण मारणाऱ्या औषधाची फवारणी आली, पण ते पहिल्याच मोठ्या पाण्याबरोबर वाहून विहिरीत उतरू लागलं. यावर काही तरी शोधायचंच, असं शबानाने मनाशी ठरवलं, आणि कितीतरी वर्षं खपून तिने ते दाणे बनवले.

"उसाच्या चिपाडाचा कोळसा आणि माती," दानिश सांगू लागला. "आतून कसे, तर अनारशासारखे जाळीदार! त्या जाळीत तणनाशक मुरवलेलं असतं. जमिनीतल्या ओलीनं ते थोडं थोडं बाहेर येतं. गवताचं बी रुजायच्या आतच खलास!"

"भारीच की!" निहार म्हणाला. "मग हे जंगल कसलं?"

"तेच तर! दसऱ्याला तात्यांनी या अर्ध्या एकरात दाणे टाकले. उद्या फुपूच्या प्रयोगशाळेचे साहेब बघायला येणार. हे रान बघितलं की म्हणतील, गुंडाळा सगळं!"

इराचं लक्ष मात्र पायाखाली होतं. "दानिश, हा बांध नवीन आहे का रे?"

"हो, दसऱ्याच्या आधीच माती टाकलीय."

"मग त्यावर सगळीकडे गवत आलंय आणि मधोमध ही मोकळी रेघ कशी? वेणी घालताना आई पाडते तशी!"

तिघेही खाली वाकले. खरंच! हिरव्या बांधावरून एक बारीक, स्वच्छ रेघ गेली होती. तिच्यात गवताची एक काडी नव्हती. होते ते काळपट, मुगाएवढे दाणे!

"हात लावू नकोस! औषध आहे ते!" दानिशने निहारला मागे ओढलं. "फुपूचेच दाणे आहेत हे! फाटक्या पोत्यातून सांडलेले!"

"म्हणजे इथं ते काम करतायत!" इरा उडालीच. "चला, पोतं कुठं गेलं ते बघू!"

रेघ फाटकापासून निघाली होती. ती शेताकडे न वळता थेट पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे गेली आणि एका जुन्या टबाशी संपली. टबाखाली उताराला आजीने लावलेली झेंडूची रोपं पार करपली होती.

"तात्यांनी इथं फवारलं असणार," निहार कुजबुजला.

"विचारलं तर नाही म्हणतील," इरा म्हणाली. "विचारायचंच नाही. करून दाखवायला लावायचं!"

खोलीत अर्धं पोतं उरलं होतं. इराने तात्यांना गाठलं. "तात्या, उरलेले दाणे आम्ही टाकू? कोपऱ्यात थोडी जागा आहे."

"तुमी? तुमाला काय येतंय त्यातलं! सरका, दावतो." तात्यांनी पोतं टबात रिकामं केलं आणि वरून भराभर पाणी ओतलं. "आता ऱ्हाऊ द्यायचं निवांत. पेंड भिजवल्याबिगर म्हशीला घालतो का आपण? मग वरचं पानी वतून द्यायचं, आन् मऊ दानं रानात टाकायचं!"

"वरचं पाणी कुठं ओतलंत, तात्या?"

"हितंच की, उताराला." तात्यांचं बोट झेंडूकडे गेलं आणि तिथंच थांबलं. "आगं बाबौ!"

"औषध सगळं झेंडूला, आणि शेताला नुसता कोळसा!" निहार ओरडला. "हे पाणी ओतू नका, तात्या! झाकून ठेवा!"

उद्याच्या पाहणीसाठी शबानाफुपू मळ्यातल्या घरी आलीच होती; दानिशने फोन लावताच ती धावत आली. "तात्या, मी फोनवर 'ओलीवर टाका' म्हटलं होतं!"

"'ओलवून टाका' म्हनालीस की!"

"ओलीवर! रानात ओल असताना, कोरडेच!"

"मागं ट्रॅक्टर चालू व्हता गं पोरी. त्यात तू पडली शिकलेली, मला वाटलं तुजी तशीच रीत आसंल!"

फुपूला हसू आवरेना. मग ती बांधावर गेली आणि रेघेपाशी बसून एकेक दाणा निरखू लागली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तात्या पुढे झाले. "साहेब, रान बिघडलं ते माज्यामुळं. पोरीचा शोध सोन्यासारखा हाय. आदी बांधावर चला."

साहेबांनी गुडघे टेकून बांध निरखला, मग झेंडू, मग शेत. "एकाच दिवसात औषध बाहेर पडलं तर काय होतं आणि हळूहळू पडलं तर काय, दोन्ही इथं शेजारी शेजारी दिसतंय," ते म्हणाले. "मॅडम, पुन्हा नवे दाणे टाका. प्रयोग चालू राहील! आणि हे शोधलं कुणी?"

तिघे एकमेकांमागे लपू लागले.

"शाबास! आम्ही मोठ्यांनी एकमेकांना नीट विचारलं असतं, तर तुम्हाला सुट्टीत एवढी धावपळ पडली नसती," साहेब म्हणाले.

"यापुढे फोनवर काही सांगणार नाही," फुपू म्हणाली. "स्वतः येईन."

दोनच दिवसांत ती नवं पोतं घेऊन आलीसुद्धा. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर तात्या दाणे टाकायला सरसावले, तशा बांधावरून तीन आरोळ्या एकदम उठल्या, "तात्या, हातमोजे!"

तात्यांनी मागे वळून हात जोडले. "व्हय, मास्तर! घालतो!"