एकोणिसावं कार्ड

बोईसरच्या एमआयडीसीत ज्या शेडमध्ये पूर्वी कापड रंगवायचे, तिथे आता लोक खेळत होते. म्हणजे खेळणारे आपापल्या घरी, ठाण्याला, नाशिकला, मोबाइल हातात धरून. खेळ मात्र चालायचा इथे, दीपिकाच्या ताब्यातल्या ग्राफिक्स कार्डांवर. नाशिकला अंगठा दाबला की बोईसरला गाडी वळायची आणि तिचं चित्र परत नाशिकला जायचं. एका कार्डावर चार जण बसत. पाचवा बसवला की चित्र अडखळायचं आणि लोक शिव्या घालायचे. या जाण्यायेण्यातला विलंब कमी ठेवायचा आणि रांगेतल्यांना जागा पुरवायची, हे दीपिकाचं काम.

मे महिना होता. शाळांना सुट्ट्या, रोज दुपारी रांगेत चारशे जण ताटकळलेले. नवी कार्डं मागवावीत तर सहा महिने थांबा. त्यात इथली हवा अशी की तांब्याचे जोड वर्षभरात काळे पडत आणि असलेली कार्डंही मान टाकत. शेवटी इंद्रजीतसाहेबांनी कुठल्याशा बंद पडलेल्या धंद्यातली वीस जुनी कार्डं उचलून आणली. अठरा धड होती. विसावं मेलेलंच निघालं.

एकोणिसाव्यावर चार जण बसवले, तर विलंब शून्य. मोजण्यात चूक असेल म्हणून दीपिकाने दुसऱ्या तऱ्हेने मोजलं. शून्य. आठ बसवले, सोळा बसवले, तरी शून्यच. कार्ड तापतही नव्हतं. हात लावला तर माठासारखं गार.

"आता नसत्या शंका काढू नकोस, माणसं बसव," साहेब म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी त्यांची गत झाली होती.

तारेतून जायलासुद्धा वेळ लागतोच. तो लागत नसेल तर कुठेतरी जात असणार, हे दीपिकाला तेव्हाच कळायला हवं होतं. शिकलेली होती, मूर्ख नव्हती. पण तिने काय केलं? नोकरीतल्यांना घरच्यासाठी एक जागा मिळायची. ती धाकट्या बहिणीच्या, दिशाच्या नावावर होती. आपल्या माणसाला पहिल्या पंगतीत बसवावं तशी तिने दिशाची जागा एकोणिसाव्या कार्डावर हलवली. बारावीची परीक्षा संपलेली पोरगी बोईसरजवळच्या माहीम गावातल्या घरी दिवसभर गाड्या पळवत बसायची. तिला तेवढंच सुख.

आठवड्याने आई, शैला, कुरकुरायला लागली. "हिला हाक मारली की लगेच ओ नाय देत. मी दोन केळी सोलून खाते, तवर ही मान वळवते."

"मोबाइलचं खूळ, दुसरं काय," दीपिका म्हणाली. त्याच दिवशी साहेबांनी एकोणिसाव्यावर चोवीस जण केले होते.

शुक्रवारी चाळीस झाले. त्या सकाळी दिशाने चुलीवरचा तवा उघड्या हाताने उचलला. दीपिका समोरच होती. पोरीने तवा शांतपणे खाली ठेवला, भाकरी टोपलीत टाकली, ओटीवर जाऊन बसली. तळव्यावर टरारून फोड आले होते. शैलाने मलम शोधलं, लावलं, फडकं बांधलं. मग तिची वेणी घालायला घेतली. वेणी अर्धी झाली आणि दिशा अशी किंचाळली की वाडीतली माणसं धावत आली.

"इतका वेळ गप का बसलीस गं?" दीपिकाने विचारलं.

उत्तर यायला डाळ शिजावी लागली.

"मी लगेच ओरडले, ताई," दिशा रडत म्हणाली. "तुमालाच उशिरा ऐकू आलं."

खेळात जो विलंब नव्हता, तो सगळा या पोरीत येऊन साठला होता. हा हिशेब कुठल्याही पुस्तकात बसत नव्हता, पण दिशाचा भाजलेला हात समोर होता.

शनिवारी कामावर जाताच तिने दिशाची जागा बंद केली आणि साहेबांना म्हणाली, "ते कार्ड काढू या."

"चाळीस माणसं ओढतंय ते. रांग काय तू घरी नेणार?"

"सर, माझ्या बहिणीला काहीतरी झालंय."

"मग डॉक्टरला दाखव. कार्डाला कशाला?"

पुरावा हवा होता. नवं कार्ड लावलं की त्यावर स्वतः एक डाव खेळायचा आणि मगच सही करायची, अशी तिची शिस्त. एकोणिसाव्याच्या वेळी गडबडीत ते राहून गेलं होतं. तीच शिस्त तिला आता आठवली, हे तिचं दुर्दैव. ती खेळायला बसली. पहिल्याच वळणावर तिचा अंगठा हलायच्या आत गाडी वळली. तिला जिकडे वळायचं होतं, तिकडेच. तिने घाईघाईने खेळ बंद केला.

दारात अंकुश उभा होता, वायरिंग बघणारा. "मॅडम, कवापासून हाका मारतोय. दोनदा खांदा हलवला तुमचा."

"आत्ताच तर बसले रे," ती म्हणाली.

अंकुश दारात नव्हता. तो कधी गेला, ते तिला दिसलं नाही.

घरी दिशा तशीच होती. जागा गेली, विलंब राहिला. रविवारी दुपारी साहेबांचा मेसेज आला: साठ केले, लोण्यासारखं चाललंय. दीपिका ओटीवर उभी होती. आईने हातात दिलेल्या चहावर साय धरली होती.

दिशा गल्लीत उभी होती, हाताला फडकं बांधलेली. वळणावरून केळीच्या घडांनी भरलेला टेंपो मागे मागे येत होता. ड्रायव्हरला ती दिसत नव्हती. रिव्हर्सचा हॉर्न वाजत होता. दिशा हलली नाही.

"दिशा!" दीपिकाने कप टाकला आणि ती धावली.

दहा पावलं. फार तर बारा.

ती पोचली तेव्हा गल्लीत टेंपो नव्हता.

दिशाही नव्हती. रस्त्यावर कोणीतरी वाळू टाकली होती आणि ती मधोमध काळी पडली होती.

शैला वाळूपाशी बसली होती. तिने मान वर केली. आईचे असे डोळे दीपिकाने कधी पाहिले नव्हते.

"मी विहिरीपासून बोंबलत होते, ओढ तिला, ओढ तिला. तू बघत होतीस. कप हातात धरून बघत उभी होतीस. उचलून नेली तिला, तरी तू उभीच. बहीण हाय ना गं तुझी? का नाय धावलीस?"

"आई, मी लगेच धावले गं," दीपिका म्हणाली.

समोर शैला नव्हती. गल्लीही नव्हती. तिला कोणीतरी आत आणून, कपडे बदलून, भिंतीला टेकवून बसवलं होतं. कोपऱ्यात जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता, आणि स्मशानातून परतलेल्या पुरुषांच्या अंगावरचे ओले कपडे सुकत आले होते.