कठड्यापाशी जागा

सकाळपासून हे तिसरं गाव. पाद्रीसाहेबांनी गाडी चर्चच्या भिंतीला लावली आणि क्षणभर स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. भाकर आणि द्राक्षारसाचा आजचा प्रभुभोजन विधी इथला शेवटचा, मग चर्चच्या दाराला कायमचं कुलूप. बिशपसाहेबांना त्यांनी तसं कळवूनही टाकलं होतं. मंडळीला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मंडळी म्हणजे तिघं: निवृत्त नर्सबाई, सुतारकाका आणि त्यांच्या विधवा वहिनी.

आत ओल्या दगडाचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास. प्रार्थना झाल्यावर पाद्रीसाहेब म्हणाले, "जाऊ नका लगेच. नंतर थोडं बोलायचंय."

तिघं वेदीसमोरच्या लांबलचक लाकडी कठड्याशी गुडघे टेकायला गेली, नेहमीसारखीच एकमेकांपासून लांब: वहिनी एका टोकाला, नर्सबाई मध्ये, काका दुसऱ्या टोकाला. इथली रीतच तशी. घरातलं माणूस गेलं की त्याची जागा आपल्या शेजारी मोकळी ठेवायची. मागच्या अंगणात थडगी वाढत गेली, तसा कठडा विरळ होत गेला होता.

पाद्रीसाहेबांची कंबर धरली होती. "आज जवळजवळ या. प्याला घेऊन एवढी फेरी आता होत नाही."

"तुमच्या गाडीपेक्षा तुमचे गुडघेच जास्त वाजतात, साहेब," काका म्हणाले. पण जागचे हलले नाहीत.

"काका, विनंती करतोय."

वहिनींनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "मग आमचे हे कुठे बसतील?"

"ते देवाजवळ आहेत, वहिनी." पाद्रीसाहेबांना स्वतःचाच आवाज कोरडा वाटला.

तिघं सरकली. खांद्याला खांदा लागला.

"नंतर आम्हाला बोल लावू नका," नर्सबाई पुटपुटल्या.

भाकरीचे तुकडे देऊन झाले. प्याला आधी काकांनी ओठांना लावला, मग नर्सबाईंनी. वहिनींसमोर धरताना तो फारच हलका लागला. पाद्रीसाहेबांनी आत डोकावलं. तळाशी जेमतेम थेंबभर. द्राक्षारस त्यांनी स्वतः ओतला होता, जवळपास काठापर्यंत. सांडला असेल. हातातलं फडकं पाहिलं. कोरडं. मग पायाखालचा गालिचा पाहिला.

डाग कुठेच नव्हता. मात्र त्यांच्या बुटांच्या दोन्ही बाजूंना गालिचा दबला होता. गुडघ्यांएवढे गोल खळगे, जोडीजोडीने. कठड्याच्या आतल्या बाजूला, जिथे पाद्र्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही.

बघता बघता आणखी एक जोडी दबली.

"तिकडे जागाच उरली नाही ना त्यांना," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांची नजर पाद्रीसाहेबांवर नव्हती. त्यांच्या शेजारी, कमरेच्या उंचीवर होती. चेहरा उजळला होता. "दाढी नाही केलीत वाटतं आज?" त्यांनी तिथे कुणाला तरी विचारलं.



"बोला ना साहेब," काका म्हणाले. "काहीतरी सांगणार होतात. आता सगळेच आलेत."

पाद्रीसाहेब मागे सरायला गेले. सरता आलं नाही.

गुडघ्यांवरून उठताना थकलेली माणसं आधाराला काहीतरी धरतात, तसा कुणीतरी खालून त्यांचा झगा धरला होता.

मग दुसऱ्या बाजूनेही.